आठ पोती घरचा गहू : निफाड तालुक्यातील बियाणे-स्वच्छतेचे एक प्रकरण

निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावात, नांदूर मध्यमेश्वर धरणाच्या फुगवट्यापासून फारशा लांब नसलेल्या शिवारात, अकरा एकर जमीन कसणारे एक कुटुंब आहे. तीन एकर द्राक्षबाग, खरिपात सोयाबीन आणि मका, रब्बीत कांदा, थोडा हरभरा आणि चार एकर गहू अशी त्यांची पीकरचना आहे. या भागात गहू हे पैशाचे पीक मानले जात नाही. बागेच्या औषधांचा आणि कांद्याच्या बाजारभावाचा हिशोब संपल्यावर उरलेल्या लक्षात गहू बसतो, आणि म्हणूनच त्याचे बियाणे घरचेच ठेवण्याकडे बहुतेकांचा कल असतो. घरातील कर्त्या गृहस्थांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या बांधाला माझा बांध लागून आहे आणि बियाणे-उत्पादनाच्या कामात मी बरीच वर्षे काढली असल्याने एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी मला आठ पोती गहू दाखवून एकच प्रश्न विचारला : हे बी पेरण्यासारखे करता येईल की दळून टाकू?

गहू स्वपरागीभवन होणारे पीक असल्यामुळे सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे घरचे बी दोन-तीन वर्षे वापरायला तत्त्वतः हरकत नसते, आणि दर तीन वर्षांनी एकदा प्रमाणित बियाणे आणून साखळी नव्याने सुरू करावी असा रिवाज आहे. नानांनी २०२२ च्या रब्बीत ‘फुले समाधान’ म्हणजे एनआयएडब्ल्यू १९९४ या वाणाचे प्रमाणित बियाणे विकत घेऊन पेरले होते, त्यातलेच बी राखून २०२३ मध्ये पुन्हा पेरले, आणि आता समोर असलेली आठ पोती ही त्या दुसऱ्या पिकाची होती. हा वाण निफाडच्याच कृषी संशोधन केंद्रातून आलेला आहे. या केंद्राने आपल्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी अशी नावे दिली असल्यामुळे इथल्या गव्हाच्या गप्पा ऐकणाऱ्या परक्या माणसाला एखादी यात्रा चालली आहे असेच वाटावे. यांपैकी पंचवटी आणि गोदावरी हे बन्सी गटातले, म्हणजे शेवया आणि रव्याचे कठीण गहू आहेत, हे पुढील हकिगतीसाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मागच्या हंगामाची तक्रार

नानांच्या प्रश्नामागे २०२३-२४ च्या हंगामातील कटू अनुभव होता. पेरणी २२ नोव्हेंबरला झाली आणि चारच दिवसांनी, २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. द्राक्षबागांचे जे व्हायचे ते झालेच, पण गव्हाची उगवणही ठिकठिकाणी विरळ राहिली आणि घरात एकमताने निकाल लागला, की घरच्या बियाण्याने दगा दिला. त्या वेळी मी विरळ पट्ट्यांत खुरप्याने माती उकरून पाहिली होती. पावसाने वरच्या थराची कडक पपडी झाली होती आणि तिच्याखाली पिवळे, वेटोळे झालेले कोंब अडकून पडले होते. बी उगवले होते, त्याला बाहेर येता आले नव्हते. बियाण्याच्या माथी मारलेला हा दोष बियाण्याचा नव्हता.

दोन दोष मात्र निश्चितपणे बियाण्याबरोबर आले होते. पहिला म्हणजे गव्हाच्या ओळींतच, पाभरीच्या नळीतून पडल्यासारखी, उभी राहिलेली हरभऱ्याची रोपे. आदल्या वर्षी मळणी यंत्र हरभऱ्यावरून थेट गव्हावर आले होते, त्याचा तो पुरावा होता. दुसरा दोष अधिक गंभीर होता. फेब्रुवारीत ओंब्या बाहेर पडल्यावर काही ओंब्यांत दाण्यांऐवजी काळी भुकटी दिसली. ती काणी होती, म्हणजे बियाण्यातून येणारा बुरशीचा रोग. चार ठिकाणी एकेक चौरस मीटर आखून मोजले तेव्हा मिळून सात काणीच्या ओंब्या सापडल्या. अशी ताटे उपटताना ओंबीवर आधी पिशवी चढवावी लागते, नाहीतर उपटण्याच्या धक्क्यानेच भुकटी उडून शेजारच्या फुलांवर जाते. पण नानांना त्या दिसल्या तोपर्यंत वाऱ्याने निम्मे काम उरकले होते. बांधाकडच्या भागात काणी जास्त असल्याने तो भाग खाण्यासाठी ठेवला आणि मधल्या दोन एकरांचा गहू बियाण्यासाठी वेगळा काढला.

मळणीच्या वेळी नानांनी वाडवडिलांपासून चालत आलेली खबरदारी घेतली, म्हणजे यंत्रातून निघालेली पहिली दोन पोती खाण्याच्या गव्हात टाकली आणि त्यानंतरची आठ पोती, प्रत्येकी चाळीस किलो, बियाण्यासाठी बाजूला ठेवली. त्यांच्या चार एकरांना आणि धाकट्या भावाच्या दोन एकरांना एकरी चाळीस किलोप्रमाणे दोनशे चाळीस किलो बी लागणार होते. वरची ऐंशी किलो घट गृहीत धरलेली होती.

शंभर ग्रॅममध्ये काय होते

बी स्वच्छ करण्याआधी त्यात नेमके काय मिसळले आहे हे पाहिल्याशिवाय चाळणीला हात लावू नये असे माझे मत आहे, कारण घाण कोणत्या प्रकारची आहे यावरच ती कशाने निघेल हे ठरते. आठही पोत्यांच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या थरांतून मूठमूठ गहू घेऊन सुमारे दोन किलोंचा ढीग केला, तो ताडपत्रीवर चारदा उलटापालटा करून चार भागांत वाटला आणि समोरासमोरचे भाग काढत काढत शंभर ग्रॅमवर आणला. नानांच्या सूनबाईंनी तो स्टीलच्या परातीत पसरून दाणान् दाणा वेगळा केला. सोनाराच्या छोट्या काट्यावर वजने घेतली.

चांगला, भरलेला दाणा साडेएक्क्याण्णव ग्रॅम निघाला. चिमलेला, लहान आणि फुटका दाणा पाच ग्रॅम, काडी, कुसळ, फोलपट आणि मातीचे खडे मिळून अडीच ग्रॅम, आणि हरभरा तसेच तणांचे बी एक ग्रॅम. प्रमाणित गव्हाच्या बियाण्याला भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के, काडीकचरा जास्तीत जास्त २ टक्के, उगवण किमान ८५ टक्के आणि साध्या बारदानात साठवायचे असेल तर ओलावा जास्तीत जास्त १२ टक्के लागतो. इतर पिकांचे बी आणि तणांचे बी किलोमागे प्रत्येकी वीस दाण्यांपेक्षा अधिक चालत नाही. नानांना कोणाकडून प्रमाणपत्र घ्यायचे नव्हते, तरीही हे आकडे समोर ठेवल्यावर आपण कोठे आहोत ते कळते.

त्या परातीतल्या ढिगांकडे पाहिल्यावर माझा मूळ मुद्दा सांगणे सोपे झाले. प्रत्येक उपकरण बियाण्याच्या एकाच गुणावर काम करते. वारा हलके उडवतो, म्हणून फोलपट आणि कुसळ त्याने जाते. वरची मोठ्या छिद्रांची चाळणी गव्हापेक्षा मोठे ते अडवते, म्हणून हरभरा आणि ढेकळे तिच्यावर राहतात. खालची चाळणी बारीक ते पाडते, म्हणून माती, चाकवताचे बी आणि चिमलेला दाणा तिच्यातून गळतो. पण आकाराने, जाडीने आणि वजनाने जे गव्हासारखेच असते, ते यांपैकी कशानेही निघत नाही. दुसऱ्या वाणाचा गहू गव्हासारखाच असतो. काणीची लागण झालेला दाणाही बाहेरून निरोगी दाण्यासारखाच दिसतो, कारण बुरशी आत अंकुरात दडलेली असते. या दोन गोष्टींची स्वच्छता उभ्या पिकात करायची असते. खळ्यावर आल्यावर उशीर झालेला असतो. नानांना हे पटले, पण त्यांचा प्रतिप्रश्न रास्त होता : जे झाले ते झाले, आता हातात काय आहे ते सांगा.

सूप आणि पंखा

पहिली फेरी घरीच झाली. गहू आधी सकाळच्या उन्हात ताडपत्रीवर वाळवला. दुपारच्या तापलेल्या सिमेंटच्या ओट्यावर बियाण्याचा गहू पसरू नये एवढेच सांगावे लागले. दाताखाली ‘कट्’ असा आवाज येऊन दाणा तुटू लागल्यावर वाळवण थांबवली. मग विजेच्या पंख्यापुढे उफणणी केली आणि दोन बायकांनी सुपाने पाखडायला घेतले. पाखडणे आणि घोळणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे शहरात वाढलेल्यांना सांगावे लागते : पाखडताना सूप वर झटकून हलके पुढच्या धारेवरून उडवले जाते, तर घोळताना ते गोल फिरवून जड खडा आणि दाणा एकमेकांपासून सुटे केले जातात. त्यांतल्या वयस्क काकूंचा हात असा होता, की सुपातला गहू हवेत एका कापडासारखा उठे आणि परत पडताना चिमलेल्या दाण्यांची एक पट्टी धारेजवळ वेगळी दिसे, जी त्या अंगठ्याने खाली ढकलून देत.

या कौशल्याला तोड नाही, पण दिवसभरात दोघींच्या हातून दीड पोते निघाले. द्राक्षबागेत खरड छाटणीची, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीची, धावपळ सुरू होती, मजूर मिळत नव्हते. तेव्हा पुढचे काम जवळच्या एका शेतकरी गटाच्या धान्य स्वच्छता व प्रतवारी केंद्रावर, म्हणजे सगळे ज्याला ‘ग्रेडर’ म्हणतात त्यावर, करायचे ठरले.

ग्रेडरवर झालेली चूक

या केंद्राचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण जी चूक झाली तिच्यात माझाही वाटा आहे. एप्रिलमध्ये अशा केंद्रावर हरभरा, सोयाबीन, गहू असा सगळा माल एकामागून एक येत असतो आणि ऑपरेटरला दिवसाला किती क्विंटल निघाले याचीच चिंता असते. आम्ही दुपारी पोहोचलो, पोती उतरवली, पहिली दोन पोती हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या वरच्या तोंडात, ओतली आणि मी चाळण्या कोणत्या बसवल्या आहेत हे न विचारता वजनकाट्यापाशी गप्पा मारत उभा राहिलो.

बाहेर आलेल्या गव्हात नानांनी सवयीने हात घातला, मूठ भरून तळहातावर पसरली आणि बोटाने एक दाणा पुढे सरकवला. तो इतरांहून लांबट, पाठीवर थोडी पोक असलेला आणि मधाच्या रंगाचा होता. उजेडाकडे धरला तर काचेसारखा चमकत होता. ‘‘हा बन्सी आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आपला नव्हे.’’ लगेच शंभर ग्रॅम तोलून पाहिले, तर तीन बन्सीचे दाणे सापडले. घरच्या नमुन्यात एकही नव्हता. सकाळी कोणाचा तरी शेवयांचा बन्सी गहू याच यंत्रावर झाला होता आणि धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाशी, चाळण्यांच्या कडांना आणि हॉपरच्या सांदीत अडकलेला त्यातला शेष आमच्या बियाण्यात उतरला होता. मळणी यंत्रावर जी पहिली दोन पोती नानांनी न चुकता बाजूला काढली, ती काळजी ग्रेडरवर कोणालाच आठवली नाही, आणि मला आठवली नाही याची लाज वाटते.

शंभर ग्रॅममध्ये तीन दाणे ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण किलोला तीस आणि एकरी चाळीस किलो बी म्हटले, की एकरात बाराशे परके दाणे पडतात, आणि त्यांतला प्रत्येक उगवलेला दाणा पुढच्या वर्षीसाठी कित्येक दाणे देतो. शिवाय बन्सी आणि साधा गहू यांची जाडी आणि वजन इतके एकमेकांत मिसळते, की चाळणीने वा वाऱ्याने ही भेसळ निघत नाही. ती दोन पोती बियाण्यातून बाद करून दळणासाठी परत पोत्यात भरली. त्यांना अजून कोणतेही औषध लावलेले नव्हते म्हणूनच हे शक्य झाले. बीजप्रक्रिया केलेला गहू खाण्याकडे वळवता येत नाही, आणि म्हणून औषधाची घाई कधीच करू नये.

यंत्र थांबवल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. काडी, फोलपट आणि हरभरा गेला होता, पण चिमलेला दाणा बराचसा तसाच होता. खालची चाळणी काढून पाहिली तर तिला गोल छिद्रे होती. गोल छिद्र दाण्याची रुंदी मोजते, लांबट फट त्याची जाडी मोजते. गव्हाचा दाणा चिमतो तेव्हा लांबी आणि रुंदी फारशी घटत नाही, तो पोटात बसतो, म्हणजे त्याची जाडी जाते. म्हणून त्याला वेगळे काढायचे असेल तर लांबट फटीचीच चाळणी हवी. गव्हासाठी वरची चाळणी ६ मिलिमीटर गोल छिद्रांची आणि खालची २.१ मिलिमीटर फटीची वापरतात. ऑपरेटरकडे ती चाळणी होती, पण कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेली, कारण ‘‘व्यापाऱ्याच्या गव्हाला ती लावली तर घट जास्त येते आणि ते भांडतात’’ असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या बाजूने ते खरेच होते. बाजारात विकायच्या गव्हातली घट म्हणजे नुकसान असते आणि बियाण्यातली घट हाच कामाचा उद्देश असतो. एकाच यंत्रावर ही दोन कामे येतात आणि कोणीतरी तोंडाने सांगितल्याशिवाय ऑपरेटरला फरक कळण्याचे कारण नाही.

पुढचा दीड तास यंत्र साफ करण्यात गेला. ते रिकामे चालवले, एलिव्हेटरच्या तळाची झडप उघडली, चाळण्या उतरवून उलट्या आपटल्या, छिद्रांत रुतलेले दाणे ब्रशने काढले आणि ब्लोअरने कोपरे फुंकले. एकट्या एलिव्हेटरच्या तळातून सुमारे चार किलो सरमिसळ निघाली, त्यात हरभरा, सोयाबीन आणि दोन प्रकारचा गहू होता. त्यानंतर उरलेली सहा पोती सोडताना गव्हाची धार मुद्दाम बारीक ठेवली. चाळणीवर दाण्यांचा जाड थर साचला तर वरचे दाणे छिद्रापर्यंत पोहोचतच नाहीत आणि नुसते वाहून जातात. पहिले पाच-सहा किलो पुन्हा हॉपरमध्ये टाकण्याऐवजी खाण्याच्या पोत्यात टाकले.

दोनशे चाळीस किलोंतून दोनशे सहा किलो बी हाती आले. चौतीस किलोंची, म्हणजे साधारण १४ टक्क्यांची घट पाहून नानांच्या मुलाचा चेहरा उतरला. पण त्या घटीतला बराचसा भाग चिमलेला आणि फुटका गहू होता, तो जनावरांच्या आंबोणात गेला. तो भरडूनच द्यावा असे मी आग्रहाने सांगितले, कारण त्यात तणांचे बी असते आणि अख्खे गिळलेले बी शेणातून शेणखतात आणि तिथून पुन्हा शेतात जाते. धूळमिश्रित बारीक चाळण उकिरड्यावर न टाकता जाळली.

कमी पडलेले बी

ठरलेल्या दोनशे चाळीस किलोंपैकी आता दोनशे सहा किलोच होते. नानांचे चार एकर आणि भावाचा एक एकर एवढेच त्यात बसत होते, त्यामुळे भावाने दुसऱ्या एकरासाठी प्रमाणित बियाण्याची एक पिशवी घ्यायची असे ठरले. भावाला बी दिलेले चालते का, अशी शंका गावातल्या एका कृषी सेवा केंद्रावर कोणीतरी काढली होती. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचेही घरचे बी राखणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि विकणेसुद्धा शेतकऱ्याला मोकळे आहे. फक्त ते ब्रँडचे लेबल लावून पाकीटबंद विकता येत नाही. भावाला दिलेल्या चाळीस किलोंच्या साध्या पोत्याबद्दल चिंता करण्याचे काही कारण नव्हते.

उगवण चाचणीने मला स्वतःला थोडे जमिनीवर आणले. चारशे दाणे शंभराच्या चार गटांत ओल्या वर्तमानपत्राच्या गुंडाळ्यांत ठेवून आठव्या दिवशी मोजायचे, ही पद्धत सोपी आहे, पण गव्हाला त्यासाठी वीस अंशांच्या आसपासचा गारवा लागतो आणि एप्रिलच्या निफाडात तो मिळत नाही. गुंडाळ्या माजघरात माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवल्या, तरीही न निवडलेल्या गव्हाची उगवण ७९ आणि निवडलेल्याची ८८ टक्के आली. नुकत्याच काढलेल्या गव्हात काही आठवडे सुप्तावस्था असते, त्यामुळे हे आकडे कमी येणे अपेक्षित होते. ऑक्टोबरमध्ये गारवा आल्यावर, जपून ठेवलेल्या दोन्ही नमुन्यांवर पुन्हा चाचणी केली, तेव्हा ८१ आणि ९२ आले. फरक स्वच्छतेचाच होता. फुटका आणि चिमलेला दाणा बाजूला गेल्यावर उरलेल्यांची सरासरी आपोआप चढते.

इथे एक हिशोब करावा लागतो, जो बहुतेक जण करत नाहीत. न निवडलेल्या गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन ३८ ग्रॅम होते, निवडलेल्याचे ४२ ग्रॅम. म्हणजे एकरी चाळीस किलोंत पूर्वी सुमारे साडेदहा लाख दाणे पडत होते, आता साडेनऊ लाख. उगवणीने गुणले तर एकरी उगवणारे दाणे पूर्वी साडेआठ लाख आणि आता पावणेनऊ लाख. निवडल्यामुळे उगवणाऱ्या रोपांची संख्या फार वाढली असे म्हणता येत नाही. वाढला तो प्रत्येक रोपाचा सुरुवातीचा जोर, कारण भरलेल्या दाण्यातला अन्नसाठा जास्त असतो. ‘निवडलेले बी आहे, एकरी तीस किलोंतच भागेल’ असा सल्ला नानांना कोणीतरी दिला होता, तो या हिशोबापुढे टिकला नाही.

साठवणुकीत फारसे काही घडले नाही. नव्या बारदानात भरून, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवले. पावसाळ्यात खाण्याच्या गव्हात तांबडे भुंगेरे झाले आणि बियाण्यात झाले नाहीत. हा किडा अख्ख्या दाण्याला सहसा इजा करू शकत नाही, फुटक्या दाण्यावर आणि पिठावर जगतो, त्यामुळे निवडलेल्या गव्हात त्याला खायला काही उरले नव्हते. सोंडकिडा मात्र अख्खा दाणाही पोखरतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी पोत्यांत हात घालून पाहणे चालूच ठेवले.

काणीचा प्रश्न आणि पेरणी

उरला होता तो अंकुरात दडलेल्या काणीचा प्रश्न, ज्याला चाळणी स्पर्शही करू शकत नव्हती. जुन्या काळी पंजाबात बी सकाळी चार तास पाण्यात भिजवून मग कडक उन्हात पातळ पसरून वाळवण्याची पद्धत निघाली होती. भिजल्याने बुरशी जागी होते आणि उन्हाने मरते. दोनशे किलो बी भिजवून वाळवायला घरात माणसे नव्हती आणि उन्हाचा अंदाज चुकला तर उगवणही जाते, म्हणून तो मार्ग सोडला. कार्बोक्सिन आणि थायरम यांच्या मिश्र बुरशीनाशकाची, किलोला तीन ग्रॅमप्रमाणे, प्रक्रिया पेरणीच्या आदल्या दिवशी केली. थायरम एकटे वापरले तर ते दाण्यावर बाहेरून बसते आणि अंकुरातल्या काणीपर्यंत पोहोचत नाही, कार्बोक्सिन आंतरप्रवाही असल्याने पोहोचते. २०२३ मध्ये नानांनी मुळात काहीच लावले नव्हते, कारण ‘प्रमाणित बियाण्याचीच तर पैदास आहे’ असा त्यांचा समज होता. ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू मात्र औषध सुकल्यावर, पेरणीच्या दिवशी सकाळी सावलीत चोळले.

पेरणी १२ नोव्हेंबर २०२४ रोजी झाली, म्हणजे बागायती वेळेवर पेरणीच्या १ ते १५ नोव्हेंबर या शिफारशीत बसली. दाणा मोठा झाल्याने ट्रॅक्टरवरच्या पाभरीची खिडकी गेल्या वर्षीच्या खुणेवर ठेवून चालले नसते. नळ्यांना पिशव्या बांधून ठरावीक अंतर ओढून पाहिले आणि एकरी चाळीस किलोवर जुळवले. दोन आठवड्यांनी दहा ठिकाणी ओळीचा एकेक मीटर मोजला, तर सरासरी ४२ रोपे आली. साडेबावीस सेंटिमीटर अंतरावर, उगवणीच्या हिशोबाने, सुमारे ४९ अपेक्षित होती. शेतात एवढी गळती होतेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नाना, त्यांचा मुलगा आणि मी तिघांनी चारही एकर ओळी-ओळींतून तुडवले. काणीच्या तीन ओंब्या सापडल्या, तिन्ही पिशवीत बांधून उपटल्या आणि बांधावर जाळल्या. बन्सीची पाच ताटे मिळाली, सगळी ज्या पट्ट्यात साफ केल्यानंतरचे पहिले पोते पेरले होते तिथे. म्हणजे दीड तास साफ करूनही यंत्राने काही दाणे धरून ठेवले होते. ओळीत हरभरा दिसला नाही. चाकवत मात्र गेल्या वर्षीइतकाच होता. त्याचे बी जमिनीतच वर्षानुवर्षे पडून असते, आणि बियाण्यातून येणारा वाटा बंद केला तरी ते उगवत राहते. मी तो कमी होईल असे म्हणालो होतो, आणि नानांनी मला त्याची आठवण करून दिली. भावाच्या दोन एकरांत, एकात हे बी आणि दुसऱ्यात विकतचे, बांधावरून पाहून कोणते कुठले हे भावालाही सांगता आले नाही.

आता बियाण्यासाठी शेताच्या मधोमध वीस गुंठ्यांचा तुकडा आखून घेतला असून भेसळीची ताटे काढण्याची सगळी मेहनत तेवढ्यापुरतीच केली जाते, कारण चार एकरांत ती कोणाच्याच्याने होत नाही. या तुकड्यातले बी या साखळीतले शेवटचे, त्यानंतर २०२६ च्या रब्बीत नवे प्रमाणित बियाणे आणायचे असे ठरले आहे. मार्च २०२५ मध्ये ग्रेडरची वेळ सकाळी सहाची, म्हणजे दुसऱ्या कोणाचा माल पडण्याआधीची घेतली होती. २.१ ची ती चाळणी तेव्हा गोणपाटात नव्हती. ऑपरेटरने तिच्या चौकटीवर लाल रंगाने ‘बियाणे गहू’ असे लिहून ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली होती, आणि आम्ही पोती उतरवण्याआधीच तो एलिव्हेटरच्या तळाची झडप उघडून बसला होता.